ऑर्डर सॉफ्टवेअर निवडताना आधी तारखेचा हिशोब तपासा

प्रश्न : आमचा टर्निंग-मिलिंगचे भाग आणि काही छोट्या असेंब्ली बनवण्याचा कारखाना आहे. ४५ माणसं, महिन्याला साधारण १५० ऑर्डर. ऑर्डर ईमेलवर, फोनवर, व्हॉट्सॲपवर येतात आणि एका एक्सेल शीटमध्ये चढतात. ती शीट तिघं जण वापरतात. माल वेळेवर जात नाही आणि उशीर होतोय हे बहुतेक वेळा ग्राहकाच्या फोनवरूनच कळतं. आतापर्यंत तीन डेमो पाहिले : मोबाइलवर चालणारं एक ऑनलाइन ऑर्डर सॉफ्टवेअर, एक मोठी ईआरपी (विक्री, साठा, उत्पादन, खरेदी सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), आणि 'तुम्हाला हवं तसं बनवून देतो' म्हणणारा एक प्रोग्रॅमर. हिशेबाचं सॉफ्टवेअर आमच्याकडे आहे, ते बदलायचं नाही. यातलं काय घ्यावं? आणि ग्राहकाला आपली ऑर्डर कुठवर आली हे स्वतः बघता येईल असं पोर्टल लगेच सुरू करावं का?

उत्तर : नमस्कार. ऑर्डर नोंदवण्याचं काम तुमची एक्सेल शीट करतेच आहे. तुमची खरी अडचण तारखेची आहे. ग्राहकाला दिलेली तारीख कशाच्या आधारावर दिली आणि ती आज अजून शक्य आहे का, हे सांगणारं तुमच्याकडे काहीच नाही. म्हणून प्रत्येक विक्रेत्याला सगळ्यात आधी हे विचारा : जो माल अजून बनलेलाच नाही, त्याची तारीख तुमचं सॉफ्टवेअर कशी काढतं? या प्रश्नावर बरीचशी सॉफ्टवेअर गळतात आणि तुमचं काम निम्म्याने हलकं होतं.

मोबाइलवालं ऑर्डर सॉफ्टवेअर बहुधा इथेच गळेल. अशी सॉफ्टवेअर तयार माल विकणाऱ्यांसाठी बनलेली असतात. साठ्यात माल आहे, ऑर्डर आली, माल काढला, पाठवला, एवढंच त्यांचं जग. एक उदाहरण घ्या. एका भागाचे ३०० नग स्टोअरमध्ये आहेत. त्यातले २२० आधीच्या ऑर्डरींसाठी राखलेले. ४०० नगांचा लॉट लाइनवर आहे, तो १८ तारखेला तयार होईल, पण त्यातले २५० कुणाला तरी कबूल केलेले आहेत. आता २०० नगांची नवी ऑर्डर आली. साधं विक्री सॉफ्टवेअर ३०० चा आकडा बघून ऑर्डर घेऊन टाकतं. खरं उत्तर असं आहे : आज ८० मोकळे, १८ तारखेला आणखी १५०. म्हणजे २०० नग १८ नंतर, तपासणी आणि पॅकिंगला एक-दोन दिवस धरून, १९ किंवा २० ला. ग्राहकाला तुकड्यांनी चालणार असेल तर ८० आज आणि १२० नंतर. या हिशोबाला 'अव्हेलेबल टू प्रॉमिस' म्हणतात, विक्रेते एटीपी म्हणतील. डेमोत हेच आकडे द्या आणि पडद्यावर २०० नगांसाठी कोणती तारीख येते ते बघा.

एटीपी जमलं तरी तुमच्यासारख्या कारखान्यात ते पुरत नाही, कारण तुमचा बराच माल ऑर्डर आल्यावरच बनायला लागतो. तिथे प्रश्न क्षमतेचा येतो. समजा सगळ्या मालाला एकाच ग्राइंडिंग मशीनवरून जावं लागतं. दोन शिफ्ट, प्रत्येक शिफ्टमध्ये प्रत्यक्ष चालू वेळ ७ तास, नगाला ६ मिनिटं. दिवसाला १४० नग झाले. मशीनपुढे १,००० नग थांबलेले असताना ५०० नगांची नवी ऑर्डर आली, तर ती ग्राइंडिंगमधून बाहेर पडायला जवळजवळ ११ कामाचे दिवस लागतात. बरीच सॉफ्टवेअर मात्र 'ग्राइंडिंग : ५ दिवस' असा ठरलेला लीड टाइम (कामाला लागणारे दिवस) जोडून मोकळी होतात, पुढे रांग कितीही असो. ती मशीनची क्षमता अमर्याद धरतात. सगळ्या मशीनचं बारीक वेळापत्रक आखणारं महागडं शेड्यूलिंग तुम्हाला आत्ता नको. पण जिथे माल तुंबतो अशा दोन-तीन मशीनपुढे किती तासांचं काम साचलंय, हे दिवसागणिक दिसलंच पाहिजे. ते दिसत नसेल, तर बाकी पडदे कितीही छान असले तरी पुढे जाऊ नका.

आता बीओएमकडे या. एका उत्पादनाला काय काय आणि किती लागतं याची ती यादी. डेमोत ती फार सोपी दिसते आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतात. तुमच्याच कामातली गोष्ट घ्या. २५ मिमी व्यासाच्या गोल बारमधून ८० मिमी लांबीचा भाग निघतो. कापायला ३ मिमी जातात, म्हणून नगाला ८३ मिमी. व्यासाचा वर्ग भागिले १६२ या नेहमीच्या सूत्राने मीटरला ३.८६ किलो वजन, म्हणजे नगाला साधारण ०.३२ किलो. ५०० नगांना १६० किलो. सहा मीटरचा बार २३.१५ किलोचा, त्यामुळे हिशोबाने सात बार पुरेसे. स्टोअर सात बार देतं. पण चकमध्ये धरायला लागणारा शेवटचा १५० मिमीचा तुकडा वापरता येत नाही. एका बारमधून ७० नगच निघतात, सातातून ४९०, आणि दहा नगांसाठी ऑर्डर अडून बसते. खरी गरज आठ बारची होती. म्हणून विचारा : खरेदी किलोत, इश्यू बारमध्ये आणि उत्पादन नगात, अशी तीन एककं एकाच मालाला ठेवता येतात का? 'एका बारमागे ७० नग' असं थेट लिहिता येतं का, की सगळं किलोच्या भागाकारावरच चालतं? आणि आठवा बार फोडल्यावर उरलेला मोठा तुकडा परत साठ्यात घेता येतो का? अपेक्षित रिजेक्शनची टक्केवारी बीओएमवर आणि रूटिंगच्या (माल कोणत्या मशीनवरून कोणत्या क्रमाने जातो त्याच्या) प्रत्येक टप्प्यावर वेगळी देता आली पाहिजे, कारण शेवटच्या टप्प्यावर रिजेक्ट झालेला नग आधीच्या सगळ्या मशीनचा वेळ खाऊन बसलेला असतो.

विक्रेत्याचा डेमो नेहमी सरळ ऑर्डरीचा असतो. ऑर्डर आली, बनली, गेली. तुमच्या गेल्या सहा महिन्यांतल्या सगळ्यात त्रासदायक ऑर्डरी काढा, ग्राहकांची नावं झाका, आणि डेमोच्या आठवडाभर आधी त्या विक्रेत्याला पाठवा. 'आमच्या याच ऑर्डरी आमच्यासमोर चालवून दाखवा' असं स्पष्ट सांगा. सांगितलेलं ऐकून घेऊ नका, केलेलं बघा. या चार प्रकारच्या तर हव्याच.

पहिली, अर्धी बनल्यावर बदललेली ऑर्डर. ५०० नगांची ऑर्डर, ड्रॉइंग रिव्हिजन बी, २०० बनून झाले, आणि ग्राहकाने रिव्हिजन सी पाठवली. आता ते २०० नग नव्या ऑर्डरीला चुकूनही लागता कामा नयेत. रिव्हिजन फक्त वर्णनात लिहिलेली असेल आणि आयटम कोड तोच असेल, तर सॉफ्टवेअरला दोन्ही माल एकच वाटतात आणि स्टोअर जुना माल पाठवून देतं. रिव्हिजन हा साठ्याच्याच नोंदीचा भाग असायला हवा. शिवाय संख्या किंवा रिव्हिजन कुणी, कधी बदलली, आधी काय होतं, याची पुसता न येणारी नोंद हवी.

दुसरी, ओपन ऑर्डर. वर्षभराची एकच पीओ (ग्राहकाची खरेदी ऑर्डर) आणि दर महिन्याला शेड्यूल, म्हणजे त्या महिन्यात किती नग हवेत ते. पहिल्या महिन्याचं शेड्यूल ५००, तुम्ही पाठवले ४६०. पुढच्या महिन्याचं शेड्यूल पुन्हा ५०० आलं. द्यायचे किती, ५०० की ५४०? काही ग्राहक मागची बाकी नव्या आकड्यात धरूनच शेड्यूल पाठवतात, काही ती वेगळी मोजतात. सॉफ्टवेअर सरसकट मागची बाकी पुढे ओढत असेल, तर पहिल्या प्रकारच्या ग्राहकासाठी तुम्ही ४० नग दोनदा बनवाल. हा नियम ग्राहकागणिक ठरवता यायला हवा, आणि पीओच्या सुरुवातीपासून एकूण किती मागवले आणि एकूण किती गेले हे एका ओळीत दिसायला हवं. बाकीचा वाद मिटवायला तेवढी एक ओळ पुरते.

तिसरी, बाहेर जाणारं काम. प्लेटिंगला ३०० नग गेले, २८८ परत आले. उरलेले १२ कुठे आहेत? ते तुमचेच आहेत, पण पाठवता येत नाहीत. आलेल्या २८८ मधले ७ तपासणीत अडकले, म्हणजे हाताशी २८१. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरच्या प्रत्येक ठिकाणाला साठ्याची एक जागा मानलेलं असतं आणि 'तपासणीत' ही स्थिती वेगळी असते. ज्यात सगळं एकाच आकड्यात मिसळतं, त्यात तुमचा एटीपी रोज खोटं बोलेल.

चौथी दिसायला किरकोळ आहे. ५०० च्या ऑर्डरीवर ४९२ नग पास झाले आणि ग्राहक म्हणाला, राहू द्या, चालेल. ही ऑर्डर 'कमी संख्येवर बंद' करता आली पाहिजे आणि त्याचं कारण नोंदता आलं पाहिजे. ती उघडीच राहिली, तर नियोजन त्या ८ नगांसाठी पुन्हा माल मागवत राहतं. अशा शेपट्या शंभरभर साचल्या की खरेदीवाला सॉफ्टवेअरच्या सूचना बघणंच सोडून देतो.

आता तुमच्या थेट प्रश्नाचं उत्तर. प्रोग्रॅमरकडून बनवून घेऊ नका, हे ठाम मत आहे. तो हुशार नाही म्हणून नव्हे. वर लिहिलेली प्रत्येक अडचण त्याला तुमच्या ऑर्डरींवर एकेक करून शिकावी लागेल, तीही तुमच्या वेळेवर आणि पैशावर, आणि तो दुसऱ्या कामाला लागला की कोड वाचणारं कुणी उरणार नाही. ऑनलाइन ऑर्डर सॉफ्टवेअर तुमच्या कामासाठी बनलेलंच नाही. ईआरपी वरच्या परीक्षेत टिकली तर घ्या, पण सगळी एकदम नको. विक्री ऑर्डर, साठा, बीओएम-रूटिंग, वर्क ऑर्डर (शॉप फ्लोअरला दिलेला उत्पादनाचा आदेश) आणि डिस्पॅच एवढेच भाग आधी. खरेदी त्यानंतर. पगार, देखभाल, गुणवत्तेचे फॉर्म हे सगळं पुढच्या वर्षी. विक्रेता 'सगळे भाग एकत्रच घ्यावे लागतील' म्हणत असेल, तर छोट्या उत्पादकांसाठी बनलेली एमआरपी (ऑर्डरींवरून कोणता माल किती आणि कधी लागेल ते काढणारी) सॉफ्टवेअर हा चौथा प्रकार जरूर बघा. ४५ माणसांच्या कारखान्याला तो बऱ्याचदा जास्त बेतात बसतो.

हिशेबाचं सॉफ्टवेअर ठेवायचं असेल तर जोडणी नेमकी कुठे, हे लेखी ठरवा. साधा आणि टिकाऊ मार्ग असा : डिस्पॅच नव्या सॉफ्टवेअरमध्ये, बिल हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि डिस्पॅचची नोंद तिकडे आपोआप जाते. साठ्याचे नग एकाच ठिकाणी मोजले जावेत. दोन्हीकडे साठा चालू ठेवलात तर महिनाअखेर दोन आकडे समोर येतील आणि कुठलाच खरा नसेल. ग्राहकाचं नाव, पत्ता, कराचा तपशील कुठे बदलायचा आणि तो कुठे फक्त वाचायचा, हेही ठरवा. जोडणी तुटली तर कुणाला कळतं, तेही विचारा. नोंद अडकली आणि कुणालाच पत्ता नाही, हा सगळ्यात नेहमीचा बिघाड आहे.

कोणतंही सॉफ्टवेअर घेतलं तरी आधी मास्टर (आयटम, ग्राहक, बीओएम यांच्या मूळ याद्या) साफ करावे लागतील आणि ते काम विक्रेता करू शकत नाही. एकाच बोल्टचे तीन आयटम कोड असतील तर एक ठेवा. ग्राहकाचा पार्ट नंबर आणि तुमचा कोड यांचा मेळ घालणारा तक्ता हवा, कारण पीओ नेहमी त्याच्या नंबरने येते. कोडमध्ये धातू, माप, ग्राहक असं सगळं कोंबू नका. काही वर्षांत नियम मोडतो आणि लोक कोड वाचून चुकीचा अंदाज करतात. छोटा क्रमांक द्या आणि तपशील वेगळ्या रकान्यांत ठेवा. सगळ्याच्या सगळ्या बीओएम एकदम करायला बसू नका. गेल्या १२ महिन्यांत पुन्हा पुन्हा आलेले भाग आधी घ्या आणि कागदाऐवजी मशीनपाशी उभं राहून तपासा. नियोजन विश्वासार्ह व्हायला साठ्याच्या नोंदी किमान ९५ टक्के आणि बीओएम ९८ टक्के बरोबर हव्यात, असा उंबरठा या क्षेत्रात रूढ आहे. तो मोजायचा असा : कुठलेही ५० आयटम काढा, मोजा, नोंदीशी ताडून बघा. ठरवलेल्या फरकाच्या आत किती बसले? ४८ बसले तर ९६ टक्के. ३५ बसले तर सॉफ्टवेअर सुरू करण्याची तारीख पुढे ढकला.

शॉप फ्लोअरवर कमी नोंदी मागा. प्रत्येक ऑपरेटरने प्रत्येक ऑपरेशन नोंदवायचं अशी योजना पहिल्या घाईच्या आठवड्यात कोसळते. तीन जागा पुरतात : माल इश्यू करताना, तुंबणाऱ्या मशीनवरून माल निघताना, आणि अंतिम तपासणीत पास-रिजेक्ट. जॉब कार्डवर (मालासोबत फिरणाऱ्या कामाच्या कागदावर) क्यूआर कोड छापा, म्हणजे फोनने स्कॅन करून फक्त संख्या टाकायची. काही सॉफ्टवेअर तयार मालाच्या संख्येवरून कच्चा माल आपोआप वजा करतात. त्याला बॅकफ्लश म्हणतात. स्क्रू-वॉशरला ते चालतं, पण महाग बारला नको. आठवा बार लागला हे त्यात कधीच दिसणार नाही.

आता तारखांबद्दल. ऑर्डरीच्या प्रत्येक ओळीवर तीन वेगळ्या तारखा हव्यात : ग्राहकाने मागितलेली, तुम्ही पहिल्यांदा कबूल केलेली, आणि नंतर सुधारलेली. अनेक सॉफ्टवेअरमध्ये एकच रकाना असतो. उशीर व्हायला लागला की कुणीतरी तारीख पुढे ढकलतं आणि महिनाअखेरच्या अहवालात सगळा माल वेळेवर गेलेला दिसतो. पहिली कबूल केलेली तारीख एकदा नोंदली की कुलूपबंद झाली पाहिजे. 'पुढच्या पाच दिवसांत चुकणार असलेल्या ऑर्डरी' ही यादी रोज सकाळी सुपरवायझर आणि विक्री विभाग या दोघांच्याही हातात हवी. ग्राहकाच्या फोनआधी तुम्ही फोन करायचा, तो या यादीवरून. आणि फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर आलेली ऑर्डर त्याच दिवशी नोंदून तिची पोच क्रमांक आणि तारखेसह ग्राहकाला गेली पाहिजे. पोच गेली नाही तोवर उत्पादनाने काम हाती घ्यायचं नाही. हा नियम मालकांनी स्वतः पाळला तरच टिकतो.

बदलाच्या वेळी जुना सगळा इतिहास नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतू नका. फक्त उघड्या ऑर्डरी न्या, आणि प्रत्येकीची पूर्ण संख्या न नेता फक्त बाकी. लाइनवरच्या अर्धवट मालाला उरलेल्या ऑपरेशनांची वर्क ऑर्डर काढा. साठा मोजायच्या दिवशी मालाची हालचाल थांबवा. एक दिवसाचं उत्पादन जाईल, पण सुरुवातीचाच साठा चुकला तर पुढचे दोन महिने जातील. दोन्ही पद्धती एकत्र चालवायच्या तर जास्तीत जास्त दोन ते चार आठवडे, आणि तेवढ्या काळात फरक निघाला तर कोणती नोंद खरी मानायची हे पहिल्या दिवशीच सांगून टाका. नाहीतर लोक आपल्या सोयीची नोंद खरी धरतात आणि एक्सेल शीट कधीच बंद होत नाही.

पैशाचा हिशोब पाच वर्षांचा मागा : लायसन्स, बसवणी, प्रशिक्षण, जोडणी, वार्षिक सपोर्ट, सगळं धरून. लायसन्स माणसागणिक आहे की एका वेळी किती जण वापरतात त्यावर, हे विचारा. शिफ्टमध्ये चालणाऱ्या कारखान्याला दुसरा प्रकार बहुतेक वेळा स्वस्त पडतो. खास बदल करून घ्यावे लागले तर पुढच्या आवृत्तीत ते टिकतील का, आणि नाही टिकले तर दुरुस्तीचा खर्च कुणाचा, हे करारात हवं. करारात आणखी एक कलम आग्रहाने घ्या : सोडून जाताना ऑर्डरी, बीओएम, साठ्याच्या हालचाली आणि जोडलेली ड्रॉइंग हे सगळं वाचता येईल अशा स्वरूपात मिळेल, आणि किती दिवसांत. ही गोष्ट करारापुरती ठेवू नका, चाचणीच्या काळातच एकदा सगळा डेटा बाहेर काढून बघा. डेमोला स्टोअरकीपर, तपासणीवाला आणि डिस्पॅचचा माणूस या तिघांना बसवा. मालक आणि हिशेबनीस दोघंच बसले, तर ऑर्डर स्टोअरमध्ये कुठे अडकते हे विचारणारा खोलीत कुणीच नसतो.

पोर्टल मात्र आत्ता नको. तुमच्या आतल्या तारखा अजून स्थिर नाहीत, आणि पोर्टल म्हणजे त्या अस्थिर तारखा ग्राहकाला रोज दाखवणं. तीन महिने सलग पहिल्या कबूल तारखेशी प्रत्यक्ष डिस्पॅच ताडून बघा. दहातल्या नऊ ओळी वेळेवर जायला लागल्या की दोन-तीन नेहमीच्या ग्राहकांपासून सुरुवात करा. त्यांना ऑपरेशनांची यादी दाखवू नका. ऑर्डर स्वीकारली, उत्पादनात, तपासणीत, रवाना, या चार अवस्था आणि सध्याची अपेक्षित तारीख एवढंच ठेवा. मधल्या काळात रोज सकाळच्या 'चुकणार असलेल्या ऑर्डरी' या यादीतल्या प्रत्येक ऑर्डरीसाठी ग्राहकाला एक ईमेल जाऊ द्या : किती नग, कोणत्या तारखेला, आणि उरलेले कधी.